करणाऱ्याचे नाव

महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, एखाद्या परिषदेचे उद्घाटन असो किंवा निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांचा निरोप-समारंभ असो, आपल्या बीदर-कलबुर्गी भागात सत्काराचा एक क्रम ठरून गेला आहे. आधी हार, मग शाल, मग श्रीफळ आणि शेवटी मखमली अस्तराच्या पेटीतून निघणारी बिदरी वस्तू. निवेदक मोठ्या अभिमानाने सांगतो की, आपल्या भूमीची शान असलेली ही कलाकृती पाहुण्यांना भेट देण्यात येत आहे. टाळ्या पडतात, छायाचित्र निघते, कार्यक्रम पुढे सरकतो.

मागे अशाच एका समारंभात ती पेटी क्षणभर माझ्या हाती आली. आत सुरेख सुरई होती. काळ्याभोर अंगावर चांदीच्या वेली, पाने, कळ्या. तळाशी पितळेची एक चकचकीत पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर पाहुण्यांचे नाव होते, संस्थेचे होते, अध्यक्षांचे होते, तारीखही होती. ज्याने ती सुरई घडवली त्याचे नाव मात्र कोठेच नव्हते. शेजारच्या सहकाऱ्यांना मी हळूच विचारले, "ही कुणी केली हो?" ते म्हणाले, "बाजारातून आणलीय."

उत्तर सरळ होते, पण ते माझ्या मनात घर करून बसले. बाजार वस्तू विकतो, घडवत नाही. मग घडवणारा गेला कोठे?

या प्रश्नाचा विचार करताना मला एका फार दूरच्या कलेची आठवण झाली. ती इतकी दूरची आहे की, तिचा आणि आपल्या या समुद्र न पाहिलेल्या पठाराचा संबंध लावलेला पाहून वाचकांना प्रथम नवल वाटेल. ती कला देवमासे मारणाऱ्या खलाशांची. इंग्रजीत तिला स्क्रिमशॉ म्हणतात.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगत नॅन्टकेट नावाचे बेट आणि न्यू बेडफर्ड नावाचे बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात या भागातून शेकडो जहाजे देवमाशांच्या शिकारीला निघत. देवमाशाचे तेल तेव्हा दिव्यात जळे आणि यंत्रांना वंगण म्हणूनही लागे. एकेक सफर तीन-तीन, चार-चार वर्षांची. शिकार काही रोज मिळत नसे. कित्येक आठवडे नुसते पाणी आणि आभाळ. खलाशाला ठरलेला पगार नसे. सफर संपली की नफ्यातला लहानसा हिस्सा मिळायचा आणि जहाजाच्या कोठीतून घेतलेल्या कपड्यालत्त्याची, तंबाखूची उचल त्यातून वजा व्हायची. शेवटी हाती फारसे काही उरत नसे. उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी माणसे ज्या भागात घरोघर आहेत, तेथे हा हिशेब अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

या रिकाम्या आठवड्यांत खलाशी दात कोरीत बसत. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या खालच्या जबड्यात चाळिसाच्या आसपास मोठमोठे दात असतात. तेलाच्या व्यापारात त्यांना फारशी किंमत नव्हती, म्हणून ते खलाशांच्या वाट्याला येत. खडबडीत दात आधी कानशीने, मग शार्क माशाच्या खरखरीत कातड्याने घासून गुळगुळीत करायचा. चाकूच्या टोकाने किंवा शिडे शिवायच्या सुईने त्यावर बारीक रेघा कोरायच्या. त्या रेघांत दिव्याची काजळी भरायची आणि वरून फडक्याने पुसून घ्यायचे. वरची काजळी निघून जाते, रेघेतली तेवढी राहते. अशा रीतीने दातावर जहाज उमटायचे, शिकार उमटायची, कधी घरी वाट पाहणारी स्त्री उमटायची. ज्याला चित्र काढता येत नसे तो मासिकातले चित्र दातावर चिकटवून सुईने ठिपके टोची आणि मग ते ठिपके रेघांनी जोडी. दातांखेरीज हाडांच्याही वस्तू होत. सूत गुंडाळायची फिरकी, काठीची मूठ आणि पिठाच्या पोळीच्या कडा कापायचे नक्षीदार चाक. दिवाळीत करंज्यांसाठी आपल्या घरी जे कातणे निघते, अगदी त्याच्यासारखे! बायकोने घरी ते वापरावे म्हणून नवरा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला समुद्रात बसून ते घडवीत होता.

आता आपल्या बिदरीकडे पाहा. जस्त भरपूर आणि तांबे थोडे असा मिश्रधातू वितळवून तो मातीच्या साच्यात ओततात. त्या साच्याच्या मातीत एरंडेल आणि राळ घातलेली असते. भांडे थंड झाले की कानशीने घासून साफ करतात. त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवले की ते तात्पुरते काळपट होते. मग टोकदार कलमाने नक्षी आखायची, छिन्नीने ती खोदायची आणि त्या खाचेत चांदीची तार किंवा चांदीचा पत्रा ठोकून बसवायचा. तारेचे काम ती तारकशी, पत्र्याचे ते तहनिशान. शेवटी किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांच्या पाण्याचा लेप गरम भांड्यावर फासतात. ऊनपावसापासून आडोशाला राहिलेली ही माती चांगली की वाईट हे जुना कारागीर जिभेवर ठेवून ओळखतो. या लेपाने जस्ताचा मिश्रधातू कायमचा काळा होतो, चांदी मात्र पांढरी ती पांढरीच राहते.

तेथे पांढऱ्या दातावर काळी रेघ, येथे काळ्या धातूवर पांढरी रेघ. दोन्हीकडे एक टोकदार हत्यार, एक स्थिर मनगट आणि एकदा चुकली की पुसता न येणारी रेघ. योगायोग असा की, हर्मन मेलव्हिल यांची 'मोबी डिक' ही कादंबरी १८५१ साली निघाली आणि तिच्यात खलाशांच्या या कोरीवकामाचा उल्लेख आहे; त्याच १८५१ साली लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या होत्या. एकाच वर्षी दोन्ही कला जगाच्या नजरेस आल्या, करणारे मात्र दोन्हीकडे नजरेआडच राहिले.

साम्य येथे संपते आणि फरक सुरू होतो. खलाशाने केलेली वस्तू मुख्यतः घरच्यांसाठी असे. आपला कारागीर पोटासाठी करतो. पहिल्याने बहुधा नाव घातले नाही, कारण ज्या घरी ती वस्तू जाणार होती त्या घराला करणारा ठाऊकच होता. तथापि काहींनी घातले. फ्रेडरिक मायरिक नावाच्या तरुण खलाशाने १८२८-२९ या काळात 'सुसान' जहाजावर असताना दातांवर जहाजाच्या चित्राबरोबर आपले नाव आणि तारीखही कोरली. एडवर्ड बर्डेट हा नॅन्टकेटचा दुसरा खलाशी, १८३३ साली ऐन तारुण्यात सफरीवरच मृत्यू पावला; त्याचेही नाव मागे राहिले. आज या दोघांच्या हाताची ओळख पटवणारे अभ्यासक आहेत. त्यांचा प्रत्येक दात कोठे आहे याची नोंद ठेवली जाते. अध्यक्ष केनेडी यांना असे दात जमवण्याचा नाद होता, आणि त्यानंतर संग्राहकांची हौस आणखी वाढली. लिलावात एकेका दातासाठी लाख डॉलरच्या वर बोली गेली आहे. ज्यांनी नाव कोरले ते इतिहासात माणूस म्हणून उरले. बाकीचे हजारो 'अज्ञात खलाशी' या दोन शब्दांत मावून गेले.

यातला कडवट भाग असा की, त्या बोलीतला एक पैसाही बर्डेटला मिळणार नाही. मेल्यावर मिळालेल्या नावाने संग्राहकाची तिजोरी भरते. नाव द्यायचे तर ते माणूस जिवंत असताना दिले पाहिजे. माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आले आहे.

आणखी एका गोष्टीचा विचार करावा. स्क्रिमशॉ ही कला मेली आणि ती मेली याचे दुःख करता येत नाही. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली, स्वस्त रॉकेल आले आणि देवमाशाच्या तेलाचे दिवे हळूहळू विझले. १९२० च्या दशकात अमेरिकेची ती जुनी शिडाची जहाजे थांबली. पुढे यांत्रिक जहाजांनी इतरांनी इतके देवमासे मारले की, १९८२ साली आंतरराष्ट्रीय आयोगाला व्यापारी शिकार बंद करण्याचा ठराव करावा लागला. तो १९८६ पासून अमलात आला. दातासाठी तो प्राणी पुन्हा मारावा असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. आपल्याकडे हस्तिदंताचे तेच झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि म्हैसूरच्या शिसवी जडावकामातला हस्तिदंत गेला. ते योग्यच झाले. ज्या कलेचा कच्चा माल दुसऱ्याचा जीव आहे, तिला कधीतरी थांबावेच लागते.

परंतु बिदरीच्या माथी असला कोणता डाग आहे? जस्त, तांबे, थोडी चांदी आणि किल्ल्यातली माती! हिच्यासाठी कोणाचा जीव घ्यावा लागत नाही, कोणता कायदा आड येत नाही. म्हणून उद्या ही कला बुडालीच, तर तिचा दोष काळावर किंवा कायद्यावर ढकलण्याची सोय आपल्याला राहणार नाही. ती आपल्या दुर्लक्षानेच बुडाली असे म्हणावे लागेल.

कोणी म्हणेल, दुर्लक्ष कोठे आहे? २००६ साली बिदरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०२३ साली बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. या दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. पण बारकाईने पाहा. भौगोलिक निर्देशांक गावाच्या नावाचे रक्षण करतो, माणसाच्या नावाचे करीत नाही. आणि एक नाव दिल्लीपर्यंत पोहोचले म्हणून इतर नावे आपल्या गल्लीतल्या गल्लीत तरी पोहोचली काय? मी वर्गात एकदा विचारले, "दहा नटांची नावे सांगा." वर्ग गजबजून गेला. "आता दोन बिदरी कारागिरांची सांगा." एक नाव आले, पद्मश्रींचे. दुसरे आले नाही. विद्यार्थ्यांना हसण्याचा मला अधिकार नव्हता, कारण दुसरे नाव मलाही चटकन आठवेना.

हा विसर आजचा नाही. आपल्या किल्ल्यातील रंगीन महालात काळ्या पाषाणात शिंपल्याचे जे जडावकाम आहे, ते पाहायला आपण सहली नेतो. शेकडो मैलांवरच्या समुद्रातला शिंपला या कोरड्या गावी आला आणि काळ्या दगडात चांदण्यासारखा बसला. मार्गदर्शक सांगतो, हे अली बरीदने केले. अली बरीदने ते करवून घेतले, एवढेच खरे. ज्याने तो शिंपला कातून, डोळ्यांशी धरून, दगडाच्या खाचेत बसवला त्याचे नाव कोणत्या सहलीत आपण विचारले?

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील हे मी जाणतो. पहिला असा की, लोककला ही अनामच असते, किंबहुना अनामिकता हेच तिचे भूषण. ऐकायला हे फार गोड वाटते. पण या भूषणाचा आग्रह धरणारे लेखक आपल्या लेखाखाली नाव घालायला विसरत नाहीत! आणि आपल्या भूमीची परंपरा तरी काय सांगते? तुकोबा अभंगाच्या शेवटी आपले नाव घालतात. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार ही नावे धंद्यासकट आपल्यापर्यंत आली. कन्नड विभागाच्या वाचकांना तर मी सांगायला नकोच. बाराव्या शतकात आपल्याच बसवकल्याणात जमलेल्या शरणांनी वचनाच्या शेवटी आपापली मुद्रा घातली. बहुतेकांची मुद्रा म्हणजे इष्टदैवताचे नाव. अंबिगर चौडय्या मात्र वेगळा. अंबिगर म्हणजे नावाडी. त्या नावाड्याने आपल्या वचनांवर आपल्या धंद्याचे आणि स्वतःचे नाव मुद्रा म्हणून घातले. आठशे वर्षांपूर्वी नाव वल्हवणारा माणूस आपल्या शब्दाखाली स्वतःचे नाव लिहितो आणि त्याच जिल्ह्यात आज सुरई घडवणारा माणूस निनावी राहतो, ही प्रगती म्हणायची काय?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. एक भांडे अनेक हातांतून जाते. ओतणारा वेगळा, कानस मारणारा वेगळा, नक्षी खोदणारा वेगळा, चांदी बसवणारा वेगळा. नाव कोणाचे घालायचे? उत्तर सोपे आहे. चित्रपटही शेकडो हातांतून जातो आणि त्याची श्रेयनामावली आपण पडद्यावर वाचतोच. भांड्याच्या तळाशी कारखान्याचे आणि खोदणाऱ्याचे नाव कोरावे. बाकीच्यांची नावे पेटीतल्या कागदावर छापावीत. पितळी पट्टीवर अध्यक्षांचे नाव पदव्यांसकट मावते, तर तेथे चार कारागिरांची नावे मावू नयेत असे थोडेच आहे?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तो कारागीरच विचारील. "साहेब, नावाने पोट भरते काय? चांदीचा भाव वाढला, नक्षीची मजुरी तीच राहिली." हे खरे आहे आणि नाव कोरल्याने ते उद्या बदलणार नाही. पण निनावी राहण्यामुळे त्याचे नुकसान कसे होते ते पाहा. ज्याचे नाव नाही त्याच्या जागी दुकानदार उद्या दुसरा बसवतो आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. ज्याचे नाव नाही त्याला दुसऱ्यांदा कोणी शोधत येत नाही. आणि जेथे नाव नाही तेथे नक्कल सुखाने नांदते. देवमाशाच्या दातांच्या बाबतीत हेच घडले. हुबेहूब दिसणारे प्लास्टिकचे दात साच्यातून निघाले आणि जुने म्हणून भोळ्या गिऱ्हाइकांना विकले गेले. तापवलेली सुई टोचली तर प्लास्टिक वितळते, दात वितळत नाही. पण भेटवस्तूला सुई टोचून कोण पाहतो? काळ्या रंगाने रंगवलेली वस्तू बिदरी म्हणून आपल्या हातात ठेवली, तर आपल्यापैकी किती जणांना ओळखता येईल? माणसाचे नाव असले म्हणजे निदान विचारायला एक दार असते.

तेव्हा करायचे काय? मोठमोठ्या योजना शासनाने कराव्यात. आपल्या हातात जे आहे तेवढेच मी सांगतो. आपल्या महाविद्यालयांनी असा नियम करावा की, यापुढे करणाऱ्याच्या नावावाचून बिदरी वस्तू घ्यायची नाही. शक्य तेथे ती थेट त्याच्याकडूनच घ्यावी. व्यासपीठावर भेट देताना निवेदकाने पाहुण्यांच्या परिचयानंतर एक वाक्य अधिक बोलावे, "ही वस्तू अमुक यांनी घडवली आहे." जमल्यास त्या माणसाला सभागृहात बोलवावे आणि पहिल्या रांगेत बसवावे. त्याला हार घालण्याचीही गरज नाही. त्याचे नाव बरोबर उच्चारले तरी पुरे.

दुसरे काम आपल्या या नियतकालिकाचे. मराठी आणि कन्नड असे दोन विभाग एका पुठ्ठ्यात बांधलेले अंक फार थोड्या ठिकाणी निघतात. दरवर्षी दोन्ही विभागांनी मिळून एक पान राखून ठेवावे आणि त्यावर एका कारागिराची माहिती दोन्ही भाषांत छापावी. त्याचे नाव, तो कोणाकडे शिकला, कोणते काम करतो, कोणाला शिकवतो. त्याच्या धंद्यातले शब्दही लिहून घ्यावेत. ते शब्द बहुतेक दखनीतले आहेत. ते ना मराठीच्या पाठ्यपुस्तकात येतात ना कन्नडच्या. कारागीर गेला की त्याच्याबरोबर तेही जातील. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी किल्ल्यातल्या मातीचा, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी घराण्यांचा अभ्यास जरूर करावा. पण पहिल्या दिवशी तेथे गेल्यावर "हे कसे करतात?" असे विचारण्यापूर्वी "आपले नाव काय?" असे विचारावे.

खलाशांच्या बाबतीत ही संधी निघून गेली. न्यू बेडफर्डच्या संग्रहालयात आज त्यांच्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. अभ्यासक भिंगातून रेघा पाहतात आणि हा हात त्याचा की दुसऱ्याचा, असा तर्क करीत बसतात. आपल्याला भिंगाची गरज नाही. आपला माणूस अजून बीदरच्या गल्लीत हातोडी घेऊन बसलेला आहे. ठोक्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो. आत जाऊन विचारायचे, एवढेच बाकी आहे.

त्या समारंभानंतर काही दिवसांनी मी ज्या दुकानातून ती सुरई आणली होती तेथे गेलो. दुकानदार सज्जन होते. त्यांनी आठवून आठवून एक नाव सांगितले, मग म्हणाले, "नाही, बहुधा त्यांच्या धाकट्या भावाने केली असेल." सुरई तोपर्यंत पाहुण्यांबरोबर बेंगळुरूला गेली होती. तिच्या तळाची ती पट्टी आता कधी बदलणार नाही. पुढच्या संमेलनाची खरेदी मात्र अजून व्हायची आहे.